दोन गच्च्यांमधले शंभर मीटर

पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे निघालेला रस्ता नवीन पनवेल मागे टाकतो आणि सुकापूर सुरू होते. २०११च्या जनगणनेने या वस्तीची नोंद पालीदेवद या नावाने नगर म्हणून केली. २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे ‘नैना’साठी, सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आणि हा सारा पट्टा नियोजनाच्या नकाशावर आला. जवळून गाढी नदी वाहते, पूर्वेला माथेरानचा डोंगर दिसतो. या दोहोंच्या मध्ये गावठाणातली जुनी घरे, सोसायट्यांचे बहुमजली विंग आणि नेऱ्याच्या दिशेने पसरत गेलेल्या वाड्या व फार्महाऊस एकमेकांना खेटून उभे आहेत.

अशा ठिकाणी एकाच सातबाऱ्यावर तीन-चार छपरे असणे नेहमीचेच. पुढे नवा बंगला असतो, मागे आजोबांच्या काळचे कौलारू घर. बाजूला पत्र्याची शेड, फाटकाजवळ रखवालदाराची खोली, विहिरीवर पंपघर. सोसायटीत हीच मांडणी वेगळ्या नावांनी दिसते: ए विंग, बी विंग, क्लबहाऊस, गेटची केबिन. फायबरची तार मात्र यांपैकी एकाच ठिकाणी उतरते. जोडणी देणारा माणूस पहिल्या राऊटरचा दिवा हिरवा झाला की निघून जातो, आणि त्याच्याकडून तेवढेच अपेक्षित असते. त्या राऊटरपासून मागच्या घरातल्या विद्यार्थिनीच्या मोबाइलपर्यंतचे अंतर घरमालकाच्या वाट्याला येते.

ते अंतर बहुधा पन्नास ते दोनशे मीटरांचे. पुढची पाने त्याच अंतराविषयी आहेत.

या विषयाची प्रस्तावना करताना एक गोष्ट ठामपणे मांडायला हवी. मागच्या घरात नेट पोहोचत नाही तेव्हा बहुतेक कुटुंबे अधिक महागाचा राऊटर आणतात किंवा वरच्या दराचा प्लॅन घेतात. दोन्हींनी काम होत नाही, कारण अडचण वेगाची किंवा यंत्राच्या किमतीची नसते. दोन इमारतींच्या मधली वाट मोकळी आहे का, यंत्र घरात ठेवले आहे की गच्चीवर, त्याची अँटेना चहूकडे उधळते की एका दिशेला रोखलेली आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळे ठरते. ही उत्तरे शोधायला अभियंता असावे लागत नाही. थोडे भौतिकशास्त्र, थोडा कायदा आणि गच्चीवर चढून नीट पाहण्याची तयारी पुरते.

एका संस्थेच्या विखुरलेल्या इमारती बिनतारी जोडण्याची कल्पना वायफायपेक्षा खूप जुनी आहे. हवाई विद्यापीठाची केंद्रे निरनिराळ्या बेटांवर होती आणि मुख्य संगणक होनोलुलूत. टेलिफोनच्या तारांवरून त्या संगणकापर्यंत पोहोचणे खर्चिक आणि बेभरवशाचे होते. नॉर्मन एब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९७१ मध्ये रेडिओलहरींवर चालणारे ‘अलोहानेट’ सुरू केले. त्याचा वेग सेकंदाला ९,६०० बिट, आजच्या मानाने नगण्य. त्यामागचा नियम मात्र टिकला. प्रत्येकाने आपला संदेश पाठवून द्यावा, दोन संदेश एकमेकांवर आदळले तर प्रत्येकाने स्वतःपुरता कमीजास्त वेळ थांबून पुन्हा पाठवावा. याच विचारातून १९७३ मध्ये बॉब मेटकाफ यांना इथरनेटची दिशा सापडली, आणि हवेतला रस्ता अनेकांनी वाटून घेण्याची वायफायची रीतही त्याच घराण्यातली आहे. १९९७ मध्ये ८०२.११ हे पहिले मानक आले तेव्हा त्याची कमाल गती सेकंदाला २ मेगाबिट होती.

भारतात मात्र तंत्राआधी कायदा वाटेत उभा होता. १९३३च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अॅक्टनुसार बिनतारी यंत्र नुसते बाळगायलाही परवाना लागे. घरातल्या रेडिओसेटसाठी वर्षाचे शुल्क भरल्याची आठवण आजच्या ज्येष्ठांना असेल. चित्र पालटले ते जानेवारी २००५ मध्ये. केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक मर्यादेत परवानामुक्त केला: प्रक्षेपकाची शक्ती १ वॉटपर्यंत, आणि अँटेनाचा जोर धरून एका दिशेने जाणारी परिणामी शक्ती ४ वॉटपर्यंत. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे मोठे पट्टेही घराबाहेरच्या वापरासाठी खुले झाले. सुकापूरच्या एखाद्या वाडीत दोन गच्च्यांवर समोरासमोर अँटेना लावताना कोणाची परवानगी मागावी लागत नाही, ती या दोन अधिसूचनांमुळे. यंत्राला मात्र दूरसंचार विभागाची प्रकार-मान्यता हवी आणि शक्तीच्या मर्यादा पाळायला हव्यात. परदेशातून बॅगेत आणलेले, तिथल्या नियमांवर लावलेले यंत्र या कसोटीला उतरेलच असे नाही.

महाराष्ट्रातले या कामाचे सर्वांत बोलके उदाहरण पालघर जिल्ह्यात घडले. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राम मार्ग’ हा प्रकल्प हाती घेतला. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येते, पण शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि पाडे तिथून पुढे विखुरलेले असतात. हा मधला टप्पा कसा ओलांडायचा, असा प्रश्न होता. खामलोली परिसरात त्यांनी दूरदर्शनच्या न वापरलेल्या लहरींवर प्रयोग केला. ५ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त लहरींवर चालणारे जाळे नंतर पालघरमधल्या २५ गावांपर्यंत गेले. २०१७ मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले. ग्रामपंचायतीपासून पाड्यापर्यंतचे अंतर काही किलोमीटरांचे, बंगल्यापासून मागच्या घरापर्यंतचे शंभर मीटरांचे. मोजमाप बदलते; उंची, मोकळी वाट आणि रोखलेली अँटेना हे साहित्य तेच राहते.

याच साहित्यावर तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने आसपासच्या गावांतली दृष्टीकेंद्रे जोडली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले एरिक ब्रूअर यांचा गट त्यांच्यासोबत होता. गावातल्या केंद्रात बसलेला रुग्ण पडद्यावरून रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलू लागला, तोही वायफायच्या साध्या चिपांवर. आणि हे तंत्र किती ताणता येते याची परिसीमा व्हेनेझुएलात दिसली. एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये दोन डोंगरमाथ्यांमध्ये ३८२ किलोमीटरचा वायफाय दुवा जोडून दाखवला. मग घरातल्या वायफायला दोन भिंती का जड जातात?

उत्तर लहरींच्या स्वभावात आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५.८ गिगाहर्ट्झची पाच सेंटिमीटरांच्या किंचित वर. या लहरी विटांच्या भिंतीत क्षीण होतात. सळ्यांनी भरलेल्या काँक्रीटच्या खांबात आणि स्लॅबमध्ये त्याहून अधिक. पत्र्याची शेड त्यांना सरळ परतवून लावते. गच्चीवरची पाण्याने भरलेली टाकी त्या शोषून घेते. राऊटर दिवाणखान्यात टीव्हीमागे ठेवायचा आणि मागच्या घरातही तसाच टीव्हीमागे रेंज शोधायची, म्हणजे प्रत्येक संदेशाला दोन इमारतींच्या सगळ्या भिंती पार करायला लावायचे. दोन्ही टोके छतावर नेली की वाटेत हवेखेरीज काही उरत नाही.

पण नुसते समोरचे दिसणे पुरत नाही, आणि पहिल्यांदा काम करणारे बहुतेक जण इथेच फसतात. लहर दोरीसारखी एका रेषेतून जात नाही. प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक पट्टा दोन अँटेनांच्या मध्ये पसरलेला असतो, मृदंगासारखा, टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर. शंभर मीटरच्या दुव्यावर ५.८ गिगाहर्ट्झला या पट्ट्याची मधली त्रिज्या सुमारे १.१ मीटर भरते, २.४ गिगाहर्ट्झला सुमारे १.८ मीटर. त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा असावा असा संकेत आहे. समोरची अँटेना दिसते पण कंपाउंडच्या भिंतीचा माथा किंवा कौलांचा कोना दृष्टिरेषेला चाटून जातो, तेव्हा दुवा जुळतो खरा, पण अधूनमधून रुसतो. खांब दीड मीटरने उंचावला की तक्रार संपते.

थोडा हिशेब इथेच मांडलेला बरा, कारण त्याने नंतरची बरीच भीती जाते. शंभर मीटर मोकळ्या हवेत ५.८ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ८८ डेसिबलने क्षीण होते. प्रक्षेपकाची शक्ती फक्त १० मिलिवॉट धरली, म्हणजे १० डीबीएम, आणि दोन्ही टोकांना १६ डेसिबल जोराच्या छोट्या दिशादर्शक अँटेना लावल्या, तर पलीकडे उणे ४६ डीबीएम इतका संकेत पोहोचतो. चांगल्या वेगासाठी उणे ६५च्या आसपासही भागते. हाताशी १९ डेसिबल उरतात, म्हणजे लागते त्याच्या सुमारे ऐंशी पट ताकद. एका आवारातल्या दुव्यात शक्ती वाढवण्याची नव्हे, उलट घटवण्याची वेळ येते. गरजेपेक्षा जोरात ओरडणारे यंत्र शेजारच्या सोसायटीच्या वायफायलाही त्रास देते.

शिल्लक राहिलेले हे १९ डेसिबल कोण खाऊन टाकते? कोकणच्या उंबरठ्यावर राहणारे लोक पहिले बोट पावसाकडे दाखवतात. प्रत्यक्षात ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना शंभर मीटरवर मुसळधार पाऊसही फारसा जाणवत नाही. नुकसान डेसिबलच्या दहाव्या भागाइतकेही होत नाही. खरा वाटा झाडांचा. दाट पानोळ्यातून जाताना दर मीटरमागे साधारण एक-दोन डेसिबल जातात, आणि पाने भिजली की आणखी. वाटेत आठ-दहा मीटर घेराचा आंबा असेल तर सगळी शिल्लक तिथेच संपते. मार्चमध्ये पानगळ झालेल्या सागामधून सुरळीत चाललेला दुवा जुलैत बंद पडतो आणि घरचे पावसाला दोष देतात. म्हणून जागा निवडताना झाड आजचे पाहू नये; पावसाळ्यानंतरचे आणि आणखी चार-पाच वर्षांनी वाढलेले झाड डोळ्यांपुढे आणावे. झाडावर कोयता चालवण्यापेक्षा खांब दोन मीटर बाजूला घेणे केव्हाही सोपे.

बाजारात या अडचणीवर सर्वांत आधी पुढे केला जातो तो रिपीटर. एका खोलीतून शेजारच्या खोलीत रेंज न्यायला तो ठीक. पण एकाच रेडिओवर ऐकणारा आणि त्याच रेडिओवर पुढे सांगणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट दोनदा हवेत पाठवतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो क्षीण झालेला संकेतच पुढे ढकलतो. दोन इमारतींसाठी योग्य रचना वेगळी आहे. पुढच्या घराच्या गच्चीवर एक आणि मागच्या घराच्या गच्चीवर एक, अशी एकमेकांकडे तोंड केलेल्या यंत्रांची जोडी लावायची. या दोघांनी फक्त आपसात बोलायचे. मागच्या गच्चीवरून इथरनेटची तार खाली घरात उतरवायची आणि तिथे साधा राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून ठेवायचा. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप त्याच्याशी बोलतील. वीजही याच इथरनेटच्या तारेतून वर चढते, गच्चीवर वेगळे बोर्ड लागत नाही. तारेची मर्यादा शंभर मीटर, ती दोन्ही बाजूंना पुरून उरते.

मागच्या राऊटरला पुन्हा पत्ते वाटायचे काम देऊ नये, ते पुढच्याच राऊटरकडे राहू द्यावे. नाही तर पुढच्या घरातला प्रिंटर मागच्या घरातून दिसत नाही आणि कॅमेऱ्यांचे चित्र अडते.

लहरींचा हा रस्ता सार्वजनिक आहे, हे सुकापूरसारख्या दाट वाढणाऱ्या वस्तीत क्षणभरही विसरता येत नाही. २.४ गिगाहर्ट्झला एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. समोरच्या दहा मजली इमारतीतल्या प्रत्येक घरातला राऊटर त्यांतलाच एखादा वापरत असतो. दोन इमारतींमधला दुवा म्हणूनच ५ गिगाहर्ट्झवर असावा. तिथेही शेजारी आहेत, आणि त्यांत हवामान खाते येते. अंधेरीच्या वेरावली इथले डॉप्लर रडार सी-बँडमध्ये काम करते, आणि ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचा काही भाग अशा रडारांच्या पट्ट्यात मोडतो. त्या चॅनेलांवर यंत्राने आधी ऐकायचे, रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडून द्यायचा, असा दंडक आहे. ही सोय कोणी बंद करून मागितली तर ती देऊ नये. मुंबई आणि रायगडातल्या पुराचा अंदाज ज्या नोंदींवर उभा असतो, त्या नोंदी एका घरच्या व्हिडिओ कॉलपेक्षा मोलाच्या आहेत.

बिनतारी दुवा हा प्रत्येक वेळी पहिला पर्याय असायला हवा असेही नाही. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण पाहावी. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, काही मध्यभागी एकवटलेल्या, बाकीच्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात तीन भुजांवर पसरलेल्या. रेडिओलहरींचा इतका सखोल अभ्यास करणाऱ्या या संस्थेने आपल्या डिश मध्यवर्ती इमारतीशी जोडल्या त्या जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने. आकाशातून येणारे संकेत अतिशय क्षीण, त्यामुळे आवारातला रेडिओ-गोंगाट परवडणारा नव्हता. घरगुती आवारातही चर खणता येत असेल, मध्ये दुसऱ्याची जमीन किंवा रस्ता नसेल, तर फायबर पुरावी. ती झाडाला भीत नाही, गर्दीला भीत नाही आणि काचेची असल्याने विजेचा लोळ एका घरातून दुसऱ्या घरात नेत नाही. तांब्याची इथरनेट तार मात्र दोन इमारतींच्या मध्ये उघड्यावर ताणू नये. बिनतारी दुव्याची खरी जागा आहे ती फरसबंदी फोडायची नसते, मधून ओढा किंवा वहिवाटीचा रस्ता जातो, घर भाड्याचे असते किंवा उद्याच जोडणी हवी असते तिथे.

गच्चीवर लोखंडी खांब उभा करताना दोन गोष्टींचा विचार टाळता येत नाही, वाऱ्याचा आणि विजेचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात व संपर्काबाहेर राहिली. सिमेंटच्या डब्यात रोवलेला पाइप अशा वाऱ्यात खालच्या माणसांवर कोसळू शकतो. भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्प मारलेला जाड जीआय पाइप, शक्य तितकी लहान अँटेना आणि उंची गरजेपुरतीच, हे पथ्य पाळावे. वळवाच्या दिवसांत आणि पाऊस परतताना माथेरानच्या बाजूने येणारे ढग कडाडतात. खांबाला स्वतंत्र अर्थिंग आणि तार घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर हा खर्च वाचवण्याचा नाही. तारही उन्हापावसात टिकणारी, बाहेरच्या वापराचीच घ्यावी आणि यंत्रात शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्यावा. तारेवरून ओघळणारे पाणी तिथे गळून पडते.

एकदा मागच्या घरात नेट पोहोचले की शेजाऱ्याची विनंती येतेच. स्वतःच्या आवारात आपल्या माणसांना जोडणी देणे आणि ती कुंपणापलीकडे पैसे घेऊन विकणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी सरकारने रीतसर वाट काढून दिली आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत किराणा दुकानदारही सार्वजनिक डेटा केंद्र चालवू शकतो, आणि त्यासाठी त्याला परवाना किंवा शुल्क लागत नाही. नोंदणी त्याच्या वरच्या संस्थेने करायची असते. आवारातल्या आवारातही पाहुण्यांचे जाळे वेगळे, कॅमेऱ्यांचे वेगळे, दुव्याला मजबूत पासवर्ड आणि यंत्रासोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललेला, एवढी शिस्त हवी. रखवालदाराच्या खोलीत जोडणी देणे हे काम अनेकदा शेवटी ढकलले जाते. खरे तर त्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची मुले मोबाइलच्या पडद्यावरच अभ्यास करतात आणि फाटकावरचा कॅमेराही तिथूनच जोडायचा असतो. ती जोडणी पहिल्या आराखड्यातच असावी.

पुढील प्रकरणांचा क्रम प्रत्यक्ष कामाच्या क्रमाने लावला आहे. आधी आवाराचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर छपरांची उंची, झाडे आणि टाक्या. मग दोन्ही गच्च्यांवरून दिसणाऱ्या वाटेची पाहणी, त्यानंतर तार की लहर हा निर्णय, आणि यंत्राची खरेदी त्याच्याही नंतर. शेवटी उभारणी, अर्थिंग आणि तपासणी. सुकापूर, नेरे, चिपळे, विचुंबे या पट्ट्यात ज्यांच्या घराचे बांधकाम आज चालू आहे त्यांच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. पाया आणि फरसबंदी होण्याआधी दोन इमारतींच्या मध्ये रिकामा पाइप पुरून ठेवणे आणि गच्चीपासून खालपर्यंत तारेची वाट सोडणे, ही दोन कामे त्या वेळी अगदी थोडक्यात होतात. ज्यांची घरे आधीच उभी आहेत त्यांनी उभारणी झाल्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर दिसणारा संकेताचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा आणि जुलैत, मग पुन्हा जानेवारीत, शेजारी नवा आकडा लिहावा. उणे ४६चा आकडा जुलैत उणे ६०वर गेलेला दिसला, तर कोणत्या झाडाची कोणती फांदी पाहायची हे त्या वहीवरूनच कळेल.